घरी बांधलेल्या ट्यूब अ‍ॅम्पमधली घरघर: आवाज ओळखा, मग जागा शोधा

घरी बांधलेला गिटार अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू केला आणि सुरांऐवजी स्पीकरमधून घरघर ऐकू आली, की पहिला विचार येतो तो नवे कंडेन्सर बसवायचा. तो थोडा बाजूला ठेवा. नव्या बांधणीत भाग बहुधा ठणठणीत असतात. गडबड असते ती कोणती वायर कुठून नेली, कोणतं ग्राउंड कुठे जोडलं आणि ट्रान्सफॉर्मर कोणत्या दिशेला बसवला यात. अंदाजाने भाग बदलत गेलं तर घरघर तशीच राहते आणि वर नवे सोल्डर जोड वाढतात. म्हणून आधी आवाज नीट ऐकायचा, मग तो कोणत्या टप्प्यावर आत शिरतो ते शोधायचं आणि त्यानंतरच सोल्डरिंग आयर्न तापवायचं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा ऐकायचं.

इथलं वर्णन नेहमीच्या बांधणीला धरून आहे: पुढे दोन-तीन ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७, शेवटी ईएल८४, ६व्ही६, ईएल३४ किंवा ६एल६, हीटरला ६.३ व्होल्ट एसी आणि बी प्लस, म्हणजे ट्यूबना लागणारा उंच डीसी सप्लाय, ३०० ते ४५० व्होल्ट. ट्यूबच्या आत हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोडकडून प्लेटकडे करंट वाहतो आणि मधलं ग्रिड त्याला कमी-जास्त करतं; सिग्नल ग्रिडवर येतो.

उघडण्याआधी

प्लग काढल्यावरही बी प्लसचे कंडेन्सर भरलेले राहतात आणि ४०० व्होल्टचा डीसी धक्का जीव घेऊ शकतो. १० किलोओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनची वायर आणि क्रोकोडाइल क्लिप जोडा, उघडा धातू स्लीव्हने झाका. प्लग भिंतीतून काढा, एक क्लिप आधी चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) लावा आणि मग एकाच हाताने दुसरी क्लिप पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या प्लसला. एकूण १०० मायक्रोफॅरॅडपर्यंतचा साठा पाच-सहा सेकंदांत उतरतो, तरी पंधरापर्यंत मोजा. मग प्रत्येक कंडेन्सरवर मीटर ठेवून व्होल्टेज १० च्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय लावून घेऊ नका. मोठी ठिणगी पडते आणि कंडेन्सरलाही इजा होते.

पहिल्या कंडेन्सरला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा बसवून टाकलात तर प्लग काढल्यावर दीड-दोन मिनिटांत व्होल्टेज आपोआप उतरतं. तरी मीटर लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही, कारण हा रेझिस्टर कधी तुटला हे बाहेरून कळत नाही.

आणखी दोन गोष्टी. स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा लोड जोडलेला नसताना अ‍ॅम्प चालवू नका; आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि घरघर कमी व्हावी म्हणून प्लगची अर्थिंगची वायर कधीही काढू नका. अर्थिंग काढल्यावर आवाज गेला, तर त्यातून एवढंच कळलं की ग्राउंडची वाट चुकली आहे. ती वाट दुरुस्त करायची आणि अर्थिंग जागेवर ठेवायचं.

ऐकून काय कळतं

पहिली चाचणी अगदी गार अ‍ॅम्पवर करायची. स्विच चालू करा आणि लगेच कान स्पीकरजवळ न्या. पहिल्या काही सेकंदांत ट्यूब तापलेल्या नसतात, त्यांच्यातून करंट वाहत नाही. तरीही स्पीकरमधून बारीक हम (सलग घुमणारा आवाज) येत असेल, तर तो मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून सरळ आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो आहे. सर्किटमध्ये काहीही बदलून तो जाणार नाही.

दुसरी चाचणी उलटी. अ‍ॅम्प चांगला तापू द्या, मग स्विच बंद करा आणि ऐका. कॅथोड अजून गरम असतात, कंडेन्सर भरलेले असतात, त्यामुळे पुढचे काही सेकंद अ‍ॅम्प चालूच असतो. बंद करताक्षणी गेलेला आवाज मेन्समधून आलेला. विझत जाणाऱ्या आवाजाबरोबर जी खरखर किंवा फुसफुस शिल्लक राहते, ती ट्यूब, रेझिस्टर किंवा कच्च्या जोडातली.

मेन्सचा आवाज असेल तर त्याची पट्टी ओळखा. ५० हर्ट्झच्या मेन्सवर रेक्टिफायरनंतरचा (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरचा) रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, १०० हर्ट्झचा असतो. गिटारच्या जाड ई तारेवर तिसरं फ्रेट दाबून वाजवा. तो जी ९८ हर्ट्झचा. घरघर त्याच्याशी जवळजवळ जुळली तर ती रेक्टिफायरकडची. घरघर त्याच सुरात पण एक सप्तक खाली असेल तर ती ५० हर्ट्झची, म्हणजे हीटर, चुंबकीय क्षेत्र, गिटारचा पिकअप किंवा बायसची (आउटपुट ट्यूबच्या ग्रिडला दिलेल्या ठराविक व्होल्टेजची) वाट. जिथे मेन्स ६० हर्ट्झची आहे तिथे ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या बीशी तुलना करा. तो सुमारे १२३ हर्ट्झ, घरघर १२० वर, म्हणजे किंचित उतरलेली लागेल. लहान स्पीकर ५० हर्ट्झ फारसा वाजवत नाही, तेव्हा घाई न करता दोन-तीनदा ऐका.

पट्टीइतकाच पोतही महत्त्वाचा आहे. गोल, मऊ हम असेल तर बी प्लसवरचा रिपल किंवा हीटर. कडेला धार असलेली, माशी डब्यात अडकल्यासारखी घरघर असेल तर चार्जिंगचे झटके ग्राउंडमधून वाहत आहेत किंवा बाहेरून डिमर, ट्यूबलाइट, चार्जर यांचा आवाज शिरतो आहे.

कोणत्या टप्प्यात?

गिटारची केबल काढा. आवाज गेला तर दोष अ‍ॅम्पच्या बाहेर आहे. केबल लावून गिटार हातात गोल फिरवली आणि आवाज एका दिशेला कमी झाला, तर सिंगल कॉइल पिकअप आसपासचं चुंबकीय क्षेत्र पकडतो आहे. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर तारांचं ग्राउंड शाबूत आहे पण गिटारच्या आतलं शील्डिंग अपुरं आहे. केबल काढल्यावर हम उलट वाढला, तर इनपुट जॅकचा शॉर्टिंग संपर्क काम करत नाही. मोकळ्या जॅकमध्ये ग्रिड ग्राउंडला टेकलेलं असायला हवं.

आता व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज बदलला नाही तर उगम व्हॉल्यूमच्या पॉटच्या पुढे, म्हणजे फेज इन्व्हर्टर (आउटपुट ट्यूबच्या जोडीला एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा टप्पा), आउटपुट ट्यूब किंवा पॉवर सप्लायमध्ये. गेला तर पॉटच्या आधी.

मग ट्यूब एकेक करून काढायच्या, इनपुटकडून सुरुवात करून. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करा, ट्यूब निवू द्या, सरळ वर ओढून काढा, पुन्हा चालू करून ऐका.

१. पहिली ईसीसी८३ काढली आणि आवाज गेला: उगम ती ट्यूब किंवा तिच्या आसपासचे भाग.
२. तसाच राहिला: ती बाहेरच ठेवून पुढची काढा.
३. फेज इन्व्हर्टरसुद्धा काढला आणि तरी आवाज आहे: आउटपुट ट्यूब, त्यांचा बायस, फिल्टर किंवा ट्रान्सफॉर्मर.

आउटपुट ट्यूब मात्र या पद्धतीने काढू नका. लोड कमी झाल्यावर बी प्लस चढतो आणि कंडेन्सरची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. ज्या सर्किटमध्ये हीटर एकापाठोपाठ एक मालिकेत जोडलेले असतात तिथे ही चाचणी चालतच नाही. एक काढली की सगळ्या विझतात.

टप्पा सापडल्यावर आणखी आत जायचं. अ‍ॅम्प बंद करून, कंडेन्सर उतरवून, पहिल्या ट्यूबचं ग्रिड, म्हणजे २ नंबरची पिन, जवळच्या ग्राउंडला एका छोट्या वायरने जोडा आणि चालू करा. आवाज गेला तर तो ग्रिडच्या आधीच्या वाटेवर आहे: जॅक, इनपुट वायर, ग्रिड रेझिस्टर. राहिला तर कॅथोड, हीटर, प्लेट रेझिस्टर किंवा त्या टप्प्याचा बी प्लस. कॅथोड फॉलोअर आणि लाँग-टेल फेज इन्व्हर्टर यांच्या ग्रिडवर डीसी असतो. तिथे सरळ वायर जोडायची नाही, ०.१ मायक्रोफॅरॅड ६३० व्होल्टचा कंडेन्सर ग्रिड आणि ग्राउंडच्या मध्ये लावायचा.

धारदार घरघर आणि ग्राउंडची वाट

घरच्या बांधणीत सर्वाधिक वेळ खाणारा दोष हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

रेक्टिफायर पहिल्या कंडेन्सरला संथपणे भरत नाही. व्होल्टेजच्या प्रत्येक शिखरावर थोड्या वेळापुरता मोठा करंट झटक्याने जातो. सरासरी १०० मिलिअँपियर घेणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये या झटक्याचं शिखर सहज १ अँपियरच्या आसपास असू शकतं. आता समजा, ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (वाइंडिंगच्या मधोमध काढलेलं टोक) जवळ पडतो म्हणून चॅसीला एका स्क्रूवर जोडला, कंडेन्सरचं मायनस दुसऱ्या कोपऱ्यात जोडलं आणि इनपुट टप्प्याचं ग्राउंड या दोहोंच्या मधल्या वायरवर आलं. ०.५ चौरस मिलिमीटरच्या २० सेंटीमीटर तांब्याच्या वायरचा रोध सुमारे ७ मिलिओहम. त्यातून १ अँपियरचा झटका गेला की टोकांमध्ये ७ मिलिव्होल्ट उभे राहतात, सेकंदाला १०० वेळा. गिटारचा सिग्नल स्वतःच मिलिव्होल्टांत मोजण्याइतका. पहिला टप्पा त्याला सुमारे ६० पट करतो आणि त्याच्याबरोबर या ७ मिलिव्होल्टलाही. मीटरवर ही वायर शून्य ओहम दाखवते, म्हणून जोड बरोबरच वाटतो. दोष जोडात नसतो, त्या वायरमधून कोणाचा करंट वाहतो यात असतो.

उपाय असा. हाय टेन्शनचा (बी प्लसच्या वाइंडिंगचा) सेंटर टॅप, किंवा ब्रिज असेल तर त्याचं मायनस, वायरने थेट पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या मायनस टोकावर आणा. त्या वायरवर दुसरं काहीही जोडू नका. झटके त्या लहान वर्तुळातच फिरतील. आउटपुट ट्यूबचे कॅथोड आणि स्क्रीनच्या कंडेन्सरचं मायनस याच टोकाशी. इथून एक वायर फेज इन्व्हर्टरच्या कंडेन्सरच्या मायनसला न्या. फेज इन्व्हर्टरचे सगळे ग्राउंड तिथे. तिथून पुढची वायर प्रीअ‍ॅम्पच्या कंडेन्सरकडे. पहिल्या ट्यूबचा कॅथोड रेझिस्टर, बायपास कंडेन्सर, ग्रिड लीक (ग्रिडपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर), टोन आणि व्हॉल्यूमची ग्राउंड टोकं तिथे. नियम एवढाच लक्षात ठेवा: ज्या फिल्टर कंडेन्सरमधून टप्पा जेवतो, त्याच कंडेन्सरच्या मायनसला त्याचं ग्राउंड परत जातं.

ही सगळी साखळी चॅसीला एकाच ठिकाणी टेकवायची, इनपुट जॅकजवळ. स्पीकर जॅक धातूचा असेल तर त्याखाली प्लास्टिक वॉशर घाला. पॉटच्या पाठीवर जाड वायर सोल्डर करून तिला ग्राउंड बस बनवायची पद्धत दिसते, पण पॉट नटांनी आधीच चॅसीला टेकलेले असतात, त्यामुळे तेवढी वर्तुळं तयार होतात. अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर या सगळ्यापासून वेगळी: मेन्स आत येते तिथे स्वतंत्र बोल्ट, रंग खरवडलेला धातू, दातेरी वॉशर, वर दुसरा नट. ट्रान्सफॉर्मर धरून ठेवणारा बोल्ट यासाठी वापरू नका.

दुसरीकडे कुठे संपर्क राहून गेला आहे का हे तपासायला प्लग काढून, कंडेन्सर उतरवून, चॅसीकडे जाणारी ती एकमेव ग्राउंड वायर तात्पुरती सोडवा आणि ग्राउंड बस व चॅसी यांच्यात ओहम मोजा. शून्य किंवा एक-दोन ओहम दाखवत असेल तर आणखी एक जोड आहे, बहुधा एखादा जॅक, स्टँडऑफ किंवा कंडेन्सरचा पट्टा. तो सापडला की वायर परत जोडा. सुटलेल्या वायरने अ‍ॅम्प चालवायचा नाही.

रेक्टिफायरला साधे १एन४००७ डायोड असतील आणि घरघरीत बारीक टकटक मिसळलेली असेल, तर यूएफ४००७ बसवून बघा, किंवा प्रत्येक डायोडला समांतर १० नॅनोफॅरॅड १ किलोव्होल्टचा सिरॅमिक कंडेन्सर लावा.

मऊ हम, १०० हर्ट्झचा

हा बी प्लसवरचा रिपल. किती असायला हवा त्याचा अंदाज सोपा आहे: करंट भागिले (रिपलची वारंवारता गुणिले कपॅसिटन्स). १०० मिलिअँपियर आणि ४७ मायक्रोफॅरॅडला पहिल्या कंडेन्सरवर शिखरापासून शिखरापर्यंत सुमारे २० व्होल्ट. ऐकायला भयंकर वाटतं, पण पुढच्या गाळण्या ते उतरवतात. १० किलोओहमचा ड्रॉपिंग रेझिस्टर आणि २२ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर घ्या: १०० हर्ट्झला या कंडेन्सरचा रोध फक्त ७२ ओहम, म्हणजे रिपल जवळजवळ १४० पट कमी. तोच कंडेन्सर सुकून २ मायक्रोफॅरॅडचा उरला तर रोध ८०० ओहमच्या आसपास जातो आणि गाळणी जेमतेम १२-१३ पटींची राहते. जुन्या साठ्यातले इलेक्ट्रोलिटिक वापरले असतील तर हे आधी तपासा.

तपासायची रीत: अ‍ॅम्प बंद, कंडेन्सर उतरवलेले. खात्रीचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा कंडेन्सर संशयितावर समांतर क्लिपने जोडा, प्लसवर प्लस. मग चालू करा. हम स्पष्ट उतरला तर जुना बदला. चालू अ‍ॅम्पवर कंडेन्सर टेकवून बघणं धोक्याचं आहे, आणि त्या झटक्याने काहीतरी नवं बिघडू शकतं. ट्यूब रेक्टिफायर असेल तर पहिला कंडेन्सर मनाला येईल तेवढा मोठा करू नका: जीझेड३४ ची मर्यादा ६० मायक्रोफॅरॅड, ५वाय३ ची त्याहून बरीच कमी. त्याऐवजी पुढच्या गाळण्या वाढवा.

पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये दोन्ही बाजूंचा रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना रद्द करतो, पण दोन्ही ट्यूबमधून सारखाच करंट वाहत असेल तरच. प्रत्येक कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपियर. एकीकडे ३५ आणि दुसरीकडे ५० असतील तर कंडेन्सर निर्दोष असूनही हम येईल. ट्यूब आपसात अदलाबदल करा. फरक ट्यूबबरोबर सरकला तर जोडी जुळवून घ्या; सॉकेटपाशीच राहिला तर तिथलं ग्रिड रेझिस्टर किंवा कपलिंग कंडेन्सर तपासा. एकाच ट्यूबच्या सिंगल-एंडेड अ‍ॅम्पला हा आधार नसतो. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आधीच चोक किंवा रेझिस्टर घालून एक जादा गाळणी द्यावी लागते.

५० हर्ट्झ: हीटर आणि लोखंड

हीटरच्या दोन वायर घट्ट पिळलेल्या हव्यात, चॅसीच्या कोपऱ्यात दाबून बसवलेल्या, आणि ग्रिडच्या वायरला समांतर कुठेही नकोत. ट्रान्सफॉर्मरकडून आधी आउटपुट ट्यूब, मग फेज इन्व्हर्टर, शेवटी इनपुटची ट्यूब. त्या शेवटच्या तुकड्यातून मग फक्त एका ईसीसी८३ चे ०.३ अँपियर वाहतात. हीच साखळी उलटी नेली तर ईएल३४ चे प्रत्येकी दीड अँपियर इनपुटच्या ग्रिडशेजारून जातात. ६.३ व्होल्टवर ईसीसी८३ च्या ४ आणि ५ पिना एकत्र, ९ दुसऱ्या बाजूला.

हीटरच्या वाइंडिंगला ग्राउंडचा संदर्भ लागतोच. सेंटर टॅप असेल तर तो ग्राउंडला; नसेल तर दोन्ही वायरवरून १०० ओहम अर्धा वॉटचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला. दोन्ही एकदम करायचं नाही. संदर्भ विसरला तर हम इतका जोरात येतो की बांधणीच चुकल्यासारखं वाटतं, आणि दोन रेझिस्टरांनी तो जातो.

तरीही उरला तर हीटर आणि कॅथोड यांच्यातली गळती असू शकते. हीटरला थोडा डीसी चढवा: ३०० व्होल्टच्या नोडवरून २२० किलोओहम १ वॉट, खाली ३३ किलोओहम, त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरॅड १०० व्होल्ट. मधल्या बिंदूवर सुमारे ४० व्होल्ट मिळतात. सेंटर टॅप किंवा ते दोन १०० ओहम ग्राउंडवरून काढून इथे जोडा. आता हीटर कॅथोडपेक्षा वरच्या व्होल्टेजवर राहतो आणि गळतीचा करंट आटतो. कॅथोड बायस अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्यूबच्या कॅथोडवरचे ८ ते २० व्होल्टसुद्धा यासाठी चालतात.

हीटरवर संशय आहे पण खात्री नाही, तर इनपुट ट्यूबच्या हीटरच्या दोन्ही वायर सोडवा आणि तिला ६ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर चालवून बघा. बॅटरीचं मायनस ग्राउंडला. हम गेला तर दोष हीटरचाच. राहिला तर ५० हर्ट्झचा दुसरा उगम बघा: बायस सप्लाय. तो बहुधा एकाच डायोडचा, अर्धलहरी असतो, म्हणून त्याचा रिपल ५० हर्ट्झचा येतो. त्याचा फिल्टर कंडेन्सर सुकला किंवा उलटा बसला की हम सरळ आउटपुट ग्रिडवर जातो.

गार अ‍ॅम्पच्या चाचणीत हम सापडला असेल तर ट्रान्सफॉर्मरची दिशा बदलावी लागेल. शक्यतो हे भोकं पाडण्याआधी करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सर्किटपासून सुटा ठेवा, त्याच्या प्रायमरीची टोकं एकेकटी इन्सुलेट करा, सेकंडरीला हेडफोन लावा. मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या फक्त प्रायमरीला वीज द्या, बाकीची टोकं झाकलेली. आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा आणि सरकवा. एका विशिष्ट कोनात हम जवळजवळ नाहीसा होतो. बहुधा दोन्हींच्या वाइंडिंगचे अक्ष काटकोनात येतात तिथे, पण पाच-दहा अंशांचा फरकही कानाला कळतो. पेन्सिलने खूण करा आणि तिथे बसवा.

फुसफुस आणि खरखर

थोडी सूं अशी फुसफुस प्रत्येक ट्यूब अ‍ॅम्पमध्ये राहणारच. रेझिस्टरमधल्या उष्णतेमुळे येणारा हा आवाज जॉन्सन यांनी मोजला आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये त्याचं गणित मांडलं. ६८ किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरमधून २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ४.७ मायक्रोव्होल्ट येतात; तिथे १० किलोओहम लावला तर १.८. फरक ऐकू येतो. मात्र रेडिओ स्टेशन शिरायला लागलं तर २२ किंवा ३३ किलोओहमवर या, आणि रेझिस्टर जॅकवर नव्हे, ट्यूबच्या पिनला चिकटून बसवा.

नेहमीपेक्षा जास्त फुसफुस असेल तर आधी इनपुटची ट्यूब बदलून बघा. मग प्लेटचा १०० किलोओहम. त्याच्यावर शंभर-दीडशे व्होल्ट डीसी असतो, आणि कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर अशा व्होल्टेजखाली उष्णतेच्या आवाजापलीकडे जादा नॉईज करतो. १ वॉटचा मेटल फिल्म लावा. सगळे रेझिस्टर बदलायची गरज नाही. पहिल्या टप्प्यातले प्लेट आणि कॅथोडचे दोन पुरतात.

तुटक तुटक करकर, तळणीत मोहरी टाकल्यासारखी, आली तर सुक्या लाकडी काडीने चालू अ‍ॅम्पमध्ये एकेक जोड हलकेच दाबून बघा. दुसरा हात खिशात. एखाद्या ठिकाणी करकर वाढली की तो ड्राय सोल्डर. तो जोड नुसता गरम करून सोडू नका. जुनं सोल्डर काढा, टोक स्वच्छ करा, नवं लावा. सॉकेटच्या पकडी सैल असतील तर अ‍ॅम्प बंद असताना सुईने हळूच आत वळवा.

पॉट फिरवताना खरखर येत असेल आणि क्लीनर मारूनही जात नसेल तर पॉटवर डीसी पोहोचतो आहे. आधीचा कपलिंग कंडेन्सर (दोन टप्प्यांमध्ये सिग्नल जाऊ देणारा, डीसी अडवणारा) गळतो. पुढची ट्यूब काढून तिच्या ग्रिडच्या पिनवर डीसी मोजा. शून्य हवा. १ मेगाओहमच्या ग्रिड लीकवर अर्धा व्होल्ट दिसला तरी कंडेन्सर बदलायचा. बोर्डावर फ्लक्सचा चिकट थर असेल तर तोही अशी गळती करतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण सुकू द्या.

ट्यूबला पेन्सिलच्या रबराने टिचकी मारली आणि स्पीकरमधून घंटेसारखा टण आवाज उमटला, तर ती मायक्रोफोनिक आहे. थोडं वाजणं चालतं. आवाज घुमत राहिला तर ती इनपुटवरून काढून फेज इन्व्हर्टरच्या जागी लावा. तिथे गेन कमी असतो, ती निमूट चालते.

शिट्टी, पुटपुट आणि न ऐकू येणारं ऑसिलेशन

पहिल्यांदा चालू करताच जोरात शीळ वाजली तर बहुधा निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटमधून मागे आणलेला उलट सिग्नल) उलटा लागला आहे. अ‍ॅम्प लगेच बंद करा, फीडबॅकची वायर सोडवा, पुन्हा चालू करा. शीळ गेली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटकडच्या दोन वायर अदलाबदल करून फीडबॅक परत जोडा. बरोबर लागला की आवाज जरा कमी होतो.

मोटारबोटीसारखी संथ पुटपुट आली तर प्रीअ‍ॅम्पच्या बी प्लसवरचा डिकपलिंग कंडेन्सर कमी पडतो आहे, किंवा एकाच नोडवरून फार टप्पे जोडले आहेत. दोन ट्रायोडमागे एक कंडेन्सर आणि मधे १० किलोओहम ठेवा.

सगळ्यात फसवं ते कानापलीकडचं ऑसिलेशन, म्हणजे ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत आपोआप चालू राहणारं कंपन. सूर विझताना त्याच्या शेपटीला खरखर चिकटते, व्हॉल्यूम एका बिंदूपुढे नेला की आवाज पातळ होतो, आणि गिटार न वाजवताही व्हॉल्यूम चढवल्यावर आउटपुट ट्यूबचा करंट मीटरवर वाढताना दिसतो. ऑसिलोस्कोप असेल तर लोडवर लगेच दिसेल. नसेल तर हा करंटच पुरेसा पुरावा आहे. लाकडी काडीने इनपुटची वायर आणि आउटपुटच्या प्लेटच्या वायर एकमेकींपासून दूर सारून बघा. करंट खाली आला तर वाट तीच. प्लेटच्या वायर चॅसीला चिकटवून आखूड करा, इनपुटला शील्ड केबल घाला आणि तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा. आउटपुट ट्यूबच्या ग्रिडला १.५ ते ५.६ किलोओहम आणि स्क्रीनला ४७० ओहम ते १ किलोओहम, ५ वॉट. ग्रिडचा रेझिस्टर थेट सॉकेटच्या पिनवर हवा. पाच सेंटीमीटर वायर सोडून बोर्डावर बसवलेला रेझिस्टर हे काम करत नाही, कारण उरलेला वायरचा तुकडाच अँटेना होतो.